क्रिप्टो व्यवहार अडकलाय? आधी हॅश बघा

वॉलेटमधून बिटकॉइन किंवा इथर पाठवले, शिल्लक लगेच कमी दिसली आणि समोरच्याकडे मात्र काहीच पोचलं नाही. तासाभराने पाहिलं तरी ‘पेंडिंग’, दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं तरी तेच. अशा वेळी पोटात गोळा येतो, कारण इथे जाऊन विचारावं अशी शाखा नाही, मॅनेजर नाही. म्हणून सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. तुमच्या स्वतःच्या वॉलेटमधून पाठवलेला व्यवहार जोवर कन्फर्म होत नाही, तोवर ते पैसे तुमच्याच पत्त्यावर असतात. वॉलेट ते वजा करून दाखवतं, एवढंच. व्यवहार ब्लॉकमध्ये गेला तर पैसे समोरच्याचे, नाही गेला तर तुमचे. मध्येच कुठे तरी लोंबकळणारे पैसे अशी अवस्था ब्लॉकचेनवर नसते.

अडकलेला व्यवहार बहुतेक वेळा सुटतो. पैसे बुडतात ते त्यानंतरच्या घाईत. कोणी तरी ‘सपोर्ट’वाला भेटतो आणि सीड फ्रेज काढून घेतो, किंवा माणूस वैतागून तीच रक्कम पुन्हा पाठवतो आणि शेवटी दोन्ही व्यवहार पार पडतात. त्यामुळे पुढे वाचण्याआधी दोन गोष्टी मनाशी पक्क्या करा. सीड फ्रेजचे, म्हणजे वॉलेटच्या मुख्य किल्लीचे, बारा किंवा चोवीस शब्द कोणालाही सांगायचे नाहीत. व्यवहार सोडवण्यासाठी ते दुसऱ्याला सांगण्याची वेळ कधीही येत नाही. आणि पहिला व्यवहार नक्की कुठे आहे हे कळेपर्यंत दुसरा पाठवायचा नाही.

एक्सप्लोरर काय सांगतो?

प्रत्येक व्यवहाराला स्वतःची ओळख असते, ट्रान्झॅक्शन हॅश किंवा टीएक्सआयडी. वॉलेटच्या इतिहासात त्या व्यवहारावर टॅप केलं की अक्षरं आणि अंकांची ही लांबलचक ओळ दिसते. ती कॉपी करून त्या त्या साखळीच्या एक्सप्लोररवर, म्हणजे व्यवहार शोधून दाखवणाऱ्या साइटवर, टाकायची. बिटकॉइनसाठी मेमपूल डॉट स्पेस, इथेरियमसाठी इथरस्कॅन, ट्रॉनसाठी ट्रॉनस्कॅन, सोलानासाठी सोलस्कॅन. हॅश दाखवल्याने पैसे जात नाहीत, पण तुमचा पत्ता आणि रक्कम उघडी पडते. म्हणून तो टेलिग्रामच्या किंवा व्हॉट्सॲपच्या मोठ्या गटात टाकू नये.

हॅशच मिळत नसेल तर तुम्ही बहुधा एक्सचेंजमधून पैसे काढत आहात आणि एक्सचेंजने ते अजून साखळीवर सोडलेलेच नाहीत. मग फी वाढवण्यासारख्या पुढच्या उपायांपैकी कशाचाही उपयोग नाही. तो विषय पुढे घेऊ.

हॅश आहे, पण एक्सप्लोररला तो सापडत नाही, असं झालं तर आधी साखळी बरोबर निवडली आहे का ते पाहा. बीएनबी चेनवरचा व्यवहार इथरस्कॅनवर कितीही शोधला तरी मिळणार नाही. साखळी बरोबर असूनही सापडत नसेल तर वॉलेटने तो नेटवर्कवर पाठवलाच नाही किंवा नोड्सनी, म्हणजे नेटवर्क चालवणाऱ्या संगणकांनी, तो टाकून दिला. आणि एक्सप्लोरर ‘कन्फर्म्ड’ किंवा ‘सक्सेस’ म्हणत असेल तर व्यवहार अडकलेला नाहीच. तुमच्या बाजूचं काम संपलं. आता पाहायचं ते समोरच्याकडे. त्याच्या वॉलेटमध्ये तो टोकन दाखवायला जोडलेला नसेल किंवा त्याचं एक्सचेंज ठरावीक कन्फर्मेशन्सची वाट पाहत असेल. खरोखर अडकलेला व्यवहार म्हणजे एक्सप्लोररवर दिसतो आहे, पण ब्लॉकमध्ये गेलेला नाही, असा.

बिटकॉइन: सगळा खेळ दराचा

बिटकॉइनमध्ये सरासरी दहा मिनिटांनी एक ब्लॉक तयार होतो आणि त्यात काही हजार व्यवहार मावतात. उरलेले मेमपूल या प्रतीक्षायादीत थांबतात. ब्लॉक बनवणारा मायनर तिथून व्यवहार निवडतो तेव्हा रक्कम किती मोठी हे पाहत नाही, कोण आधी आलं हेही पाहत नाही. व्यवहाराने व्यापलेल्या जागेच्या मानाने फी किती, एवढंच पाहतो. हा दर सातोशी प्रति व्हर्च्युअल बाइट असा मोजतात. एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी होतात. त्यामुळे लाखो रुपयांचा व्यवहार अडकून पडू शकतो आणि पाचशे रुपयांचा पुढे निघून जातो. ज्यांनी लहान लहान रकमा अनेकदा स्वीकारलेल्या असतात त्यांना आणखी एक फटका बसतो. मोठी रक्कम पाठवताना ते सगळे तुकडे एकत्र करावे लागतात, व्यवहाराचा आकार फुगतो आणि तीच फी अपुरी ठरते.

गर्दी अचानक होते. मे २०२३ मध्ये बिटकॉइनवरच्या बीआरसी-२० टोकनांची लाट आली तेव्हा बायनान्ससारख्या एक्सचेंजलाही बिटकॉइन काढणं काही काळ थांबवावं लागलं, कारण त्यांनी आधीच्या दराने लावलेली फी कमी पडली होती. त्यांनी शेवटी काय केलं? अडकलेले व्यवहार जास्त फीच्या व्यवहारांनी बदलले. २० एप्रिल २०२४ ला हाविंगच्याच (मायनरचं बक्षीस निम्मं होण्याच्या) दिवशी रून्स ही नवी टोकन सुरू झाली आणि सरासरी फी शंभर डॉलरच्या पुढे गेली. काही दिवसांत ती खालीही आली. म्हणून घाई नसेल तर पहिला उपाय थांबणं हाच. मेमपूल डॉट स्पेसवर सध्याचा दर आणि तुमच्या व्यवहाराचा दर शेजारी शेजारी ठेवून पाहा. फरक थोडा असेल तर शनिवार-रविवारी गर्दी ओसरल्यावर काम होऊन जातं.

थांबायचं नसेल तर आरबीएफ, म्हणजे तोच व्यवहार जास्त फी लावून बदलणं. समजा तुमचा साधा व्यवहार आहे, एक इनपुट आणि दोन आउटपुट. सेगविट पत्त्यावरून केला तर तो साधारण १४१ व्हर्च्युअल बाइटचा होतो. वॉलेटने ४ सातोशीचा दर लावला होता, म्हणजे फी ५६४ सातोशी. आता एक्सप्लोरर पुढच्या ब्लॉकसाठी २० चा दर दाखवतो आहे. तुम्ही २२ लावलात तर नवी फी ३,१०२ सातोशी होते. ही जुन्या फीव्यतिरिक्त नाही, तिच्याऐवजी आहे. जुना व्यवहार रद्द होतो, त्यामुळे खिशातून जास्तीचे फक्त २,५३८ सातोशी जातात. इलेक्ट्रमच्या संगणकावरच्या आवृत्तीत व्यवहारावर उजवं क्लिक करून फी वाढवता येते. स्पॅरो आणि ब्लूवॉलेटमध्येही ही सोय आहे. व्यवहार रद्दच करायचा असेल तर तेच नाणं जास्त फीने स्वतःच्या पत्त्यावर वळवायचं, हा पर्यायही याच वॉलेट्समध्ये मिळतो. बदललेल्या व्यवहाराचा हॅश नवा असतो, तो समोरच्याला जरूर कळवा. नाहीतर तो जुन्याच हॅशची वाट पाहत बसतो.

पूर्वी व्यवहार पाठवतानाच त्यावर आरबीएफची खूण करावी लागे. २०२४ मध्ये आलेल्या बिटकॉइन कोअरच्या २८व्या आवृत्तीपासून नोड्स खूण नसलेला व्यवहारही बदलू देतात. अडचण वॉलेटची असते. फी वाढवण्याचं बटणच न देणारी वॉलेट्स आजही आहेत.

बटण नसेल किंवा पैसे पाठवणारे तुम्ही नसून घेणारे असाल, तर दुसरी वाट सीपीएफपी. अडकलेल्या व्यवहारातून तुमच्या पत्त्यावर येऊ घातलेलं नाणंच खर्च करून एक नवा व्यवहार करायचा आणि त्याला भरपूर फी लावायची. मायनरला नव्याची फी हवी असेल तर आधी जुना ब्लॉकमध्ये घ्यावाच लागतो. तो दोघांचा मिळून दर काढतो. वरच्याच उदाहरणात जुना १४१ बाइटचा, ५६४ सातोशी भरलेला. नवा एक इनपुट, एक आउटपुट असा, साधारण ११० बाइटचा. दोघे मिळून २५१ बाइट. २० चा दर गाठायचा तर एकूण ५,०२० सातोशी हवेत. म्हणजे नव्या व्यवहाराची फी ४,४५६ सातोशी, त्याचा एकट्याचा दर ४० च्या थोडा वर. इथे लोकांचा हिशेब चुकतो. ते नव्या व्यवहाराला २० चाच दर लावतात, दोघांचा मिळून दर कमीच राहतो आणि आता एकाऐवजी दोन व्यवहार अडकतात.

काहीच केलं नाही तर? बिटकॉइन कोअरच्या ठरलेल्या मांडणीत नोड १४ दिवसांनी कन्फर्म न झालेला व्यवहार टाकून देतो. मेमपूल ३०० एमबीची मर्यादा ओलांडू लागला तर सर्वांत कमी दराचे त्याआधीच बाहेर पडतात. मग वॉलेटमध्ये शिल्लक पुन्हा दिसू लागते. पण इथे एक मेख आहे. टाकून दिलेला व्यवहार मेलेला नसतो. ज्याच्याकडे त्याची प्रत आहे तो कोणीही तो पुन्हा नेटवर्कवर पाठवू शकतो. समोरच्याला तेच पैसे दुसऱ्या वाटेने देणार असाल तर आधी ते जुनं नाणं योग्य फी लावून स्वतःच्याच पत्त्यावर पाठवा, कन्फर्म होऊ द्या आणि मगच नवे पैसे द्या.

‘ॲक्सिलरेटर’ नावाच्या सेवाही असतात. मेमपूल डॉट स्पेसची आहे, व्हायाबीटीसी या मायनिंग पूलचीही आहे. खरी सेवा फक्त हॅश मागते आणि लागलीच तर फी. याहून जास्त काही मागणारी साइट लगेच बंद करा.

इथेरियम: आधीचा सुटल्याशिवाय पुढचा नाही

इथेरियमवर दर १२ सेकंदांनी ब्लॉकची वेळ येते, त्यामुळे अर्धा तास पेंडिंग राहणं हे इथे चांगलं लक्षण नाही. ऑगस्ट २०२१ च्या लंडन अपग्रेडपासून फीचे दोन भाग झाले, नेटवर्क ठरवतं ती बेस फी आणि वर द्यायची प्रायॉरिटी फी. बेस फी एका ब्लॉकमधून दुसऱ्यात जास्तीत जास्त १२.५ टक्क्यांनी वर किंवा खाली जाते. तुम्ही लावलेली कमाल फी बेस फीपेक्षा कमी पडली की व्यवहार थांबतो आणि बेस फी खाली येईपर्यंत थांबूनच राहतो. साधी इथर पाठवणी २१,००० गॅस, म्हणजे कामाची एककं, खाते. गॅसमागे २० ग्वेईच्या (इथरच्या अतिसूक्ष्म अंशाच्या) दराने तिची फी ०.०००४२ इथर होते. टोकनची अदलाबदल याच्या कितीतरी पट गॅस घेते.

मात्र एका खात्यातून केलेले पाच-सहा व्यवहार एकदम अडकलेले दिसले तर त्याचं कारण बहुधा नॉन्स असतो. तुमच्या पत्त्यावरून निघणाऱ्या प्रत्येक व्यवहाराला शून्यापासून सुरू होणारा अनुक्रमांक मिळतो. बँकेच्या काउंटरवरच्या टोकनसारखंच हे: ५७ नंबरचा माणूस पुढे आल्याशिवाय ५८ ला हाक मारत नाहीत. ५७ क्रमांकाचा व्यवहार कमी फीमुळे अडला तर ५८ आणि ५९ ला तुम्ही दहापट फी लावलेली असली तरी ते मागेच. लोक नेमका शेवटच्या व्यवहाराचा वेग वाढवत राहतात आणि काही हलत नाही म्हणून घाबरतात. इथरस्कॅनवर तुमचा पत्ता उघडा, तुमच्याकडून गेलेल्या शेवटच्या पूर्ण झालेल्या व्यवहाराचा नॉन्स पाहा. तो ५६ असेल तर हात घालायचा तो ५७ ला.

मेटामास्क वॉलेटमध्ये त्या व्यवहारावर ‘स्पीड अप’ आणि ‘कॅन्सल’ अशी बटणं येतात. स्पीड अप तोच व्यवहार, तोच नॉन्स, जास्त फीने पाठवतं. कॅन्सल हा शब्द थोडा फसवा आहे. प्रत्यक्षात वॉलेट त्याच नॉन्सचा शून्य इथरचा व्यवहार तुमच्याच पत्त्यावर पाठवतं आणि तो आधी पोचला तर मूळ व्यवहाराची जागा भरून जाते. म्हणजे रद्द करायलाही गॅस लागतो, आणि मूळ व्यवहार तेवढ्यात ब्लॉकमध्ये गेला तर रद्द होत नाही. बदली व्यवहाराची कमाल फी आणि प्रायॉरिटी फी दोन्ही साधारणपणे किमान दहा टक्के जास्त असाव्या लागतात. एकच वाढवली तर ‘रिप्लेसमेंट ट्रान्झॅक्शन अंडरप्राइस्ड’ असा संदेश येतो. तो आला की दोन्ही आकडे वाढवा. बटणं दिसत नसतील तर प्रगत सेटिंगमध्ये नॉन्स स्वतः भरण्याची सोय चालू करून ५७ हाच आकडा घालून शून्य इथर स्वतःला पाठवा, परिणाम तोच.

कधी इथरस्कॅनवर व्यवहाराचा मागमूस नसतो आणि वॉलेट मात्र पेंडिंग धरून बसतं. तेव्हा मेटामास्कच्या प्रगत सेटिंगमधलं ‘क्लिअर ॲक्टिव्हिटी टॅब डेटा’ वापरा. त्याने फोनमधली किंवा ब्राउझरमधली त्या खात्याची नोंद पुसली जाते, पैशांना हात लागत नाही. व्यवहार नेटवर्कवर खरोखर पेंडिंग असताना मात्र हे करू नका. तो तिकडे जिवंत राहील आणि तुम्हाला दिसणार नाही.

‘फेल्ड’ हा वेगळा प्रकार. तिथे रक्कम तुमच्याकडेच राहते, पण काम करून पाहण्याचा गॅस खर्च झालेला असतो आणि तो परत मिळत नाही. भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर लागतो आणि त्यातून खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा करता येत नाही, म्हणून असा गेलेला गॅस हिशेबातही भरून निघत नाही. फेल झालेला व्यवहार डोळे मिटून पुन्हा पुन्हा पाठवू नका. एक्सप्लोररवर कारण लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

आणि एक अगदी रोजची अडचण. वॉलेटमध्ये यूएसडीटी भरपूर, पण ते हलत नाहीत. कारण इथेरियमवरची फी इथरमध्येच द्यावी लागते, ट्रॉनवर टीआरएक्समध्ये. त्या नाण्याची थोडी शिल्लक एक्सचेंजमधून त्याच पत्त्यावर मागवली की काम होतं.

सोलानाचं तंत्र निराळं. तिथला व्यवहार साधारण दीड मिनिटात ब्लॉकमध्ये गेला नाही तर कालबाह्य होतो, म्हणून दोन मिनिटं थांबून एक्सप्लोरर पाहायचा आणि मगच पुन्हा पाठवायचा. आर्बिट्रम किंवा ऑप्टिमिझमवरून अधिकृत ब्रिजने इथेरियमवर पैसे आणत असाल तर सुमारे सात दिवस लागतात. तो सुरक्षेसाठी ठेवलेला अवधी आहे, आणि तो संपल्यावर तुम्हाला स्वतः ‘क्लेम’चा व्यवहार करावा लागतो. अनेकांचे पैसे नुसते या शेवटच्या टप्प्यावर पडून असतात.

एक्सचेंजमध्ये अडकलेलं

एक्सचेंजवरचे पैसे तुमच्या किल्लीखाली नसतात. तिथे अर्ज करणं आणि पाठपुरावा करणं एवढंच हातात असतं. मार्च २०२३ मध्ये क्रिप्टो सेवा मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या. तेव्हापासून भारतात काम करणाऱ्या एक्सचेंजना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते आणि पैसे कोणाच्या वॉलेटमध्ये जात आहेत हे विचारावं लागतं. त्यामुळे काढलेली रक्कम तपासणीत थांबणं नेहमीचं झालं आहे. मागितलेली माहिती ॲपमध्येच भरा, तक्रारीचा तिकीट क्रमांक जपून ठेवा, आणि पत्रव्यवहारात तारीख, वेळ, रक्कम, नेटवर्क, पत्ता या गोष्टी एकाच संदेशात द्या. त्रोटक संदेशाला त्रोटक उत्तर येतं आणि आठवडा जातो.

जमा होण्याच्या बाबतीत दोन चुका वारंवार होतात. एक्सआरपी किंवा स्टेलर पाठवताना मेमो किंवा टॅग राहून जातो. पैसे एक्सचेंजच्या सामायिक पत्त्यावर पोचतात, पण कोणाच्या खात्याचे ते त्यांना कळत नाही. हॅश देऊन विनंती केली तर बऱ्याचदा ते जमा करतात. दुसरी चूक चुकीच्या नेटवर्कची. तुमच्या स्वतःच्या इथेरियम पत्त्यावर बीएनबी चेनवरून टोकन आले असतील तर घाबरू नका. तोच पत्ता तिकडेही तुमचाच आहे, वॉलेटमध्ये ते नेटवर्क जोडलं की दिसतात. एक्सचेंजच्या पत्त्यावर असं झालं तर निर्णय त्यांचा.

मुंबईतून सुरू झालेल्या वझीरएक्स या एक्सचेंजच्या वॉलेटमधून १८ जुलै २०२४ ला सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली आणि ग्राहकांना वर्षाहून अधिक काळ आपलं क्रिप्टो काढता आलं नाही. कितीही फी वाढवून तो तिढा सुटणारा नव्हता. दीर्घकाळ ठेवायची रक्कम स्वतःच्या वॉलेटमध्ये असावी असं माझं ठाम मत त्यामुळे आणखी पक्कं झालं.

मदतीच्या नावाखाली

अडचण एखाद्या गटात लिहिली की पाच मिनिटांत खासगी संदेश येतो. कंपनीचा लोगो, नम्र भाषा, ‘सर, तुमचं वॉलेट सिंक झालेलं नाही, खालील लिंकवर व्हॅलिडेट करा’. लिंक उघडली की हुबेहूब वॉलेटसारखं पान आणि त्यात बारा रिकाम्या चौकटी. शेवटचा शब्द भरताक्षणी सगळं रिकामं होतं. ‘व्हॅलिडेशन’, ‘सिंक’, ‘रेक्टिफाय’ असे उपाय अस्तित्वातच नाहीत. खऱ्या वॉलेट कंपनीचा माणूस आधी तुम्हाला संदेश करत नाही. दूरस्थ नियंत्रणाचं ॲप फोनवर टाकायला सांगणारा, किंवा पैसे सोडवण्यासाठी आधी ‘टॅक्स’ भरा म्हणणारा, चोरच समजा.

आणखी एक सापळा उलट बाजूने येतो. कोणी तरी भोळेपणाने स्वतःची सीड फ्रेज लिहून विचारतो की यूएसडीटी कसे काढू. वॉलेट उघडलं तर खरंच पैसे दिसतात, फक्त फीपुरतं टीआरएक्स नसतं. मोहात पडून टीआरएक्स पाठवलं की ते अडकतं, कारण त्या खात्याची परवानगी दुसऱ्याच किल्लीकडे असते.

शब्द कुठे भरून बसला असाल तर उरलेलं सगळं तत्काळ नव्या सीड फ्रेजच्या वॉलेटमध्ये हलवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. सरकारी सायबर क्राइम पोर्टलवर हॅश आणि चोराचा पत्ता देऊन तक्रार नोंदवा. पैसे एखाद्या एक्सचेंजमध्ये पोचले असतील तर ते गोठवण्यासाठी पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

पुढच्या वेळी हे टाळायचं असेल तर फी वाढवू देणारं वॉलेट निवडा आणि पाठवण्याआधी चालू दर एक्सप्लोररवर पाहा. ज्या साखळीवर टोकन ठेवता तिचं मूळ नाणं थोडं शिल्लक राहू द्या. मोठी रक्कम नव्या पत्त्यावर पाठवताना आधी लहानशी पाठवा. ती एक्सप्लोररवर कन्फर्म झाली आणि समोरच्याने मिळाली असं कळवलं की मग उरलेली सोडा.